प्रवाहाच्या नोंदी नसलेल्या लहान पाणलोटाचा लॅग टाइम कोणत्या सूत्राने काढावा?

लॅग टाइम म्हणजे अतिरिक्त (जमिनीत न मुरता वाहून जाणाऱ्या) पावसाच्या मध्यबिंदूपासून जलालेखाच्या (वेळेनुसार प्रवाह दाखवणाऱ्या आलेखाच्या) शिखरापर्यंतचा काळ. एससीएस (अमेरिकेची मृदसंधारण सेवा) पद्धतीत तो संकेंद्रण काळाच्या, म्हणजे पाणलोटाच्या सर्वांत दूरच्या बिंदूपासून पाणी मुखापर्यंत पोहोचण्याच्या काळाच्या, ०.६ पट धरतात. किर्पिच यांचे १९४० चे सूत्र सोपे असले, तरी ते टेनेसीतील लहान, ठळक ओघळी असलेल्या शेती-पाणलोटांवरून बसवलेले आहे. प्रवाहाची लांबी ३ किलोमीटर आणि ओघळीचा उतार २ टक्के असल्यास त्यातून संकेंद्रण काळ सुमारे ४२ मिनिटे, म्हणजे लॅग २५ मिनिटे येतो. याउलट एससीएसचे लॅग सूत्र, कर्व्ह नंबर (माती व जमिनीच्या वापरानुसार पावसाचे किती पाणी वाहून जाईल हे दाखवणारा अंक) ८० आणि जमिनीचा सरासरी उतार ४ टक्के धरल्यास, त्याच लांबीला जवळपास एक तास देते. (या सूत्रात ओघळीचा नव्हे, संपूर्ण पाणलोटाचा उतार घालायचा असतो, गफलत बहुधा येथेच होते.) कर्व्ह नंबर ७० केला, तर हाच लॅग सुमारे ७९ मिनिटांवर जातो. शेत किंवा गवताळ जमिनीसाठी मी एससीएसचे सूत्र पसंत करीन, मात्र लॅग कमी धरल्यास शिखर-विसर्ग (प्रवाहाचे कमाल प्रमाण) वाढतो, म्हणून मोरीच्या संकल्पनासाठी दोन्ही मूल्यांनी प्रतिमान चालवून पाहावे. एचईसी-एचएमएस या पाणलोटाचे प्रतिमान चालवणाऱ्या संगणक-प्रणालीत गणनेचा कालखंड लॅगच्या ०.२९ पटीपेक्षा कमी ठेवावा.