मोडी कागद इंटरनेटवर आणण्यासाठी अनुदान

प्रश्न : आमच्या वाचनालयाला दोन जुन्या घराण्यांकडून मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) मिळाले आहेत. त्यांत पत्रे, जमाखर्च आणि इनामांचे कागद आहेत. ते अभ्यासकांना इंटरनेटवर मोफत पाहता यावेत, अशी विश्वस्तांची इच्छा आहे. अमेरिकेत ऐतिहासिक कागदपत्रांच्या प्रकाशनासाठी सरकारी अनुदान असते, असे कळले. ते आम्हांला मिळेल का? नाहीतर अर्ज कोठे करावा आणि खर्च कसा मांडावा?
— एका वाचनालयाचे कार्यवाह, शनिवार पेठ, पुणे

उत्तर : आपण म्हणता ते अनुदान अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराशी संलग्न असलेला, १९३४ साली स्थापन झालेला आयोग देतो. ते तेथील संस्थांसाठी आणि त्या देशाच्या इतिहासासाठी असल्याने आपल्याला मिळणार नाही. मात्र याच आयोगाच्या पाठबळावर २०१३ मध्ये सुरू झालेले ‘फाउंडर्स ऑनलाइन’ हे संकेतस्थळ विश्वस्तांनी अवश्य पाहावे. वॉशिंग्टन, जेफरसन आदींची पत्रे तेथे वाचून, टिपा देऊन आणि शब्दागणिक शोधता येतील अशा रीतीने दिलेली आहेत.

आपल्यासाठी अधिक जवळचा मार्ग ब्रिटिश लायब्ररीच्या ‘एन्डेन्जर्ड आर्काइव्हज प्रोग्राम’चा आहे. २००४ पासून चालू असलेल्या या योजनेत मूळ कागद देशाबाहेर जात नाहीत. प्रतिमांची एक प्रत स्थानिक संस्थेकडे राहते आणि दुसरी लंडनला जाऊन सर्वांसाठी खुली होते. आधी प्राथमिक अर्ज आणि तो पसंत पडल्यास सविस्तर अर्ज, असा क्रम असतो. परंतु हा पैसा परदेशातून येणारा असल्यामुळे विदेशी अंशदान नियमन कायदा, २०१० खालील नोंदणीचा प्रश्न अर्जापूर्वीच सनदी लेखापालांकडून सोडवून घ्यावा.

देशात राष्ट्रीय अभिलेखागाराची अर्थसाहाय्य योजना आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय वारशाच्या जतनाचा समावेश असल्याने कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठीही विचारणा करता येते. येथे एक सावधगिरी हवी. राष्ट्रीय पांडुलिपी मिशनच्या व्याख्येनुसार पांडुलिपी म्हणजे किमान ७५ वर्षे जुने, ज्ञानविषयक हस्तलिखित; फर्माने आणि महसुली कागद त्यातून स्पष्टपणे वगळलेले आहेत. म्हणून पोथ्यांसाठी असलेल्या योजनेत दप्तराचे कागद घुसवण्याचा प्रयत्न करू नये. त्यात एक वर्ष नाहक जाते.

आता खर्चाविषयी, आणि हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बहुतेक अर्जांत मोठी रक्कम स्कॅनरसाठी मागितली जाते आणि सूचीसाठी शेवटी थोडे काही ठेवले जाते. हे उलट असायला हवे. एखाद्या पत्रावर ‘सबा सितैन मया व अलफ’ एवढाच सन असतो. तो सुहूर सन (जुन्या दप्तरांत अरबी शब्दांनी लिहिली जाणारी कालगणना) ११६७, म्हणजे इसवी सन १७६६-६७, हे मोडी जाणणाऱ्या माणसाने नोंदवल्याशिवाय माधवराव पेशव्यांच्या काळाचा अभ्यासक ते पत्र शोधूच शकणार नाही. मग प्रतिमा कितीही सुबक असो, ती रुमालात बांधून ठेवलेल्या कागदाइतकीच अज्ञात राहील. लेखक, ज्याला लिहिले तो, गाव, दोन्ही सन आणि दोन ओळींचा मजकूर-सार एवढी नोंद प्रत्येक कागदाची व्हावी आणि तिचा मोबदला मोडी वाचून ती करणाऱ्याला कागदागणिक मिळावा. पुणे पुराभिलेखागारात आणि भारत इतिहास संशोधक मंडळात वर्षानुवर्षे मोडी वाचणाऱ्या जाणकारांना अर्ज लिहितानाच सल्लागार म्हणून सोबत घ्यावे. आधी एका रुमालाचे काम पदरच्या पैशाने करून त्याची सूची अर्जाला जोडावी. दर कागदामागे खरा वेळ किती लागतो, हे त्यातूनच कळते आणि अंदाजपत्रक खोटे ठरत नाही.

प्रश्न : कागद घराण्यांनी दिलेले आहेत. ते प्रसिद्ध करण्यासाठी वेगळी परवानगी हवी का?

उत्तर : हवी, आणि ती लेखी हवी. कागद मालकीने मिळाला म्हणजे त्यातील मजकुराचा हक्क मिळाला, असे होत नाही. पेशवाईतील पत्रांबाबत अडचण सहसा येत नाही. मात्र स्वामित्व हक्काची सर्वसाधारण मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे असल्याने विसाव्या शतकातील पत्रे वेगळी काढून तपासावीत. जमिनीच्या चालू वादातील कागद निकाल लागेपर्यंत खुले करू नयेत. देणगीपत्रात प्रतिमा, सूची आणि लिप्यंतर या तिन्हींच्या मोफत प्रकाशनाला संमती असल्याचे स्पष्ट लिहून त्यावर घराण्यातील सर्व वारसांच्या सह्या घ्याव्यात.