मुलगा सारखा खा-खा करतो, मुलगी दोन घासांत उठते. दोघांना चालेल असा पौष्टिक खाऊ कोणता?

थालीपीठ. खरं तर उत्तर इथेच संपलं, पण हा विषय निघाला की मला राहवत नाही.

आमच्याकडे अगदी हेच. बायको नर्स, तिची सकाळची ड्युटी. त्यामुळे डबा आणि संध्याकाळचं खाणं पहिल्यापासून माझ्याकडे. थोरला समोर येईल ते फस्त करायचा. धाकटी घास गालात धरून पंख्याकडे बघत बसायची. ती किडकिडीत, म्हणून आमच्या ताईचं निदान ठरलेलं: "बापाच्या हातचं खाऊन पोर अंगाने भरणार कशी?" २०१७च्या मे महिन्यात ताई तिला १५ दिवस घेऊन गेली. "बघच, कशी गुटगुटीत करून पाठवते." सकाळ-संध्याकाळ दुधात चॉकलेटी पावडर, वर बिस्किटं, आणि जेवताना काऊचा घास, चिऊचा घास. सहा वर्षांच्या घोडीला! परत आली तेव्हा वजन होतं तेवढंच, आणि दुधाचा पेला दिसला की तोंडावर हात. पुढे वर्षभर दूध बंद.

डॉक्टरांनी तिचा वाढीचा तक्ता काढून सगळे ठिपके जोडले. रेघ खालच्या अंगाला होती, पण न मोडता वर चढत होती. "ही हिच्या वाटेने चाललीय, ताट घेऊन मागे पळू नका." तो कागद मी ताईला दाखवला. "डॉक्टरांना काय कळतंय," म्हणाली.

तर थालीपीठ. भाजणी एकच, कांदा-कोथिंबीर एकच. मुलीचं वाटीच्या तोंडाएवढं. मधोमध एक भोक, भोवती चार, भोकांत तेल, वरून लोणी. ती भोकं मोजते. पाचवं नसेल तर हात लावत नाही. भरलेलं ताट बघूनच तिची भूक मरते, म्हणून थोडक्यात जास्त जाईल असं द्यायचं: शेंगदाण्याचा लाडू, खजूर, तूप घातलेलं नाचणीचं सत्त्व. मुलाला आधी काकडी, पेरू, उकडलेले हरभरे, मग थालीपीठ. त्याला चावायला वेळ लागला पाहिजे. बिस्किटाचा पुडा दोन मिनिटांत संपतो आणि हात परत डब्यात. जेवणाआधी दोन तास दोघांनाही काही नाही. काय आणि केव्हा हे आपण ठरवायचं, किती ते त्यांनी.

२०२४च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना ताईच्या त्या चॉकलेटी पावडरीसारखी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितली. अन्नसुरक्षा कायद्यात अशी व्याख्याच नाही म्हणून. ती बातमी मी घरच्या ग्रुपवर टाकली. एकदा नाही, दोनदा. ताईने नुसते हात जोडलेले पाठवले. पावडरीचा तो डबा अजून तिच्या फडताळात आहे, त्यात ती साबुदाणा ठेवते.

हां, एक राहिलं. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे किंवा हरभरे देऊ नका, घशात अडकतात. कूट करा, कुस्करा. आणि मुलीची रेघ खाली घसरत असेल किंवा ती सारखी मलूल दिसत असेल, तर थालीपीठ राहू द्या, आधी डॉक्टरांकडे जा. मुलगा अचानक फार खायला आणि फार पाणी प्यायला लागला असेल तर त्यालाही न्या.