पालावर जाण्याआधी

प्रिय,

पत्र पोचलं. पारधी वस्त्यांवर मुलांसाठी काम करायचं ठरवलंस, हे वाचून बरं वाटलं. सोबतची चार पानी प्रश्नावलीही पाहिली. पहिल्या भेटीत ती पिशवीतच राहू दे.

नाव-गाव लिहून घेणाऱ्या माणसाशी या लोकांचा जुना संबंध आहे आणि तो चांगला नाही. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या, नोंदणी आणि हजेरी सक्तीची केली. १८९७च्या दुरुस्तीने तर चार वर्षांपासून पुढच्या पोरांना आईबापांपासून तोडून वेगळं ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. १९११मध्ये हा कायदा देशभर, म्हणजे आपल्या मुंबई इलाख्यातही आला. ३१ ऑगस्ट १९५२ला तो गेला खरा (सोलापुरात या कायद्याखाली माणसं डांबून ठेवत, त्या वस्तीला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात), पण आसपास चोरी झाली की संशय अजूनही आधी पालावरच जातो. अशा ठिकाणी कोणी वही उघडून ‘मुलं किती?’ विचारलं, की बाया पोरांना मागच्या मागे पिटाळतात. याला अडाणीपणा म्हणू नकोस. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

पोलिसांना ‘सुरक्षिततेसाठी’ सोबत नेलंस तर ती वस्ती तुझ्यासाठी संपली असं समज. दिवसा मोठी माणसं पोटामागे बाहेर असतात, म्हणून सकाळी लवकर जा, आणि आधी घरातल्या म्हातारीशी बोल. मूल पुष्कळदा आजीच्या नाहीतर चुलत्याच्या हाताखाली वाढत असतं. आपल्या फॉर्मात पालकांच्या रकान्यात दोनच नावं मावतात. तेवढ्यावरून आजीजवळचं पोर बेवारस ठरायला नको.

दुभाष्याचं काम मुलाला कधीच देऊ नकोस. पारधी बोली गुजरातीच्या वळणाची. पोरं बाजारात फिरून मराठी शिकलेली असतात, म्हणून आपण सहज त्यांनाच विचारतो, ‘आई काय म्हणते?’ आई नवऱ्याच्या दारूबद्दल सांगत असेल, तर सात वर्षांच्या पोरीने ते कोणत्या तोंडाने सांगावं? त्याच समाजातली, पण दुसऱ्या वस्तीवरची शिकलेली मुलगी मिळते का बघ. आणि तिला मानधन दे. ‘समाजासाठी कर’ हे आपण नेहमी गरिबालाच सांगतो.

आता अहवाल. सिग्नलवर भीक मागणारं मूल ताब्यात घेतलं की २४ तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करावं लागतं आणि सामाजिक चौकशी १५ दिवसांत पुरी करायची असते. मूल घरी जाणार की बालगृहात, हे बरंचसं त्या कागदावर ठरतं. त्यात बहुतेक वेळा असा मजकूर असतो: ‘मूल अस्वच्छ. आई बेजबाबदार. घरचं वातावरण गुन्हेगारी स्वरूपाचं.’ यात डोळ्यांनी पाहिलेलं काय? अंगावरचा मळ, बस. बाकी सगळं ऐकीव. त्याच घराबद्दल असं लिहिता येईल: ‘पालाजवळ पाणी नाही, आई लांबून दोन हंडे आणते. मुलगी सात वर्षांची, धाकट्या भावाला सांभाळते. वडील अटकेत, दोष सिद्ध झालेला नाही. आजी सोबत राहते, मुलीला सांभाळायला तयार आहे. शाळेने जन्मदाखला नाही म्हणून परत पाठवलं.’ आता समितीला करण्यासारखं काही सापडलं. शेवटच्या वाक्यासाठी तर समितीचीही वाट पाहू नकोस. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. मुख्याध्यापकांकडे तू स्वतः जा, आईला एकटीला पाठवू नकोस.

२०१५च्या बाल न्याय अधिनियमाचं कलम ३ तोंडपाठ असू दे. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आणि मुलाला कलंक लावणारी भाषा नको, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. निव्वळ गरिबी हे मूल काढून घेण्याचं कारण होऊ शकत नाही, असं संयुक्त राष्ट्रांच्या २००९च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात.

एवढं वाचून तू भाबडेपणाकडे झुकशील, ही मला खरी धास्ती आहे. चौदा वर्षांच्या मुलीचं लग्न ठरलं असेल, पाठीवर वळ दिसत असतील, तर ‘त्यांच्यात असंच असतं’ म्हणून वही मिटायची नाही. हे वाक्य मी चांगल्या शिकलेल्या, चळवळीतल्या लोकांच्या तोंडून ऐकलंय आणि मला त्याची चीड आहे. स्वतःच्या भाचीबद्दल ते असं बोलले असते का? १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला कळव, समितीपुढे ने. जातपंचायत वाळीत टाकायची धमकी देत असेल तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६चा कायदा आहे. मात्र वस्तीतच त्या लग्नाला मनातून विरोध असलेली एखादी बाई असते, तिला आधी शोध. तक्रार झाल्यावर तू संध्याकाळी घरी जाशील, तिला तिथेच राहायचं असतं. म्हणून नंतरच्या फेऱ्या चुकवू नकोस.

दाखल्यांचं काम कंटाळवाणं आहे, पण विश्वास त्यानेच बसतो. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५०च्या आधीचा पुरावा मागतात. ज्यांचा आजा गावोगाव फिरला त्यांनी तो आणायचा कुठून? वडिलांकडच्या नात्यात कोणाकडे जुनी नोंद किंवा वैध दाखला आहे का ते विचार. एका घराच्या कागदाचा भाऊबंदांनाही आधार होतो.

पहिला अहवाल झाला की त्यातली नावं-गावं काढून मला पाठव. समितीकडे जायच्या आत वाचून देईन, पण दोन दिवस हाताशी ठेव, माझं वाचन हळू आहे.

तुझी,
ताई