घरातलं माणूस गेलंय, यंदा नाताळ करायचा का?

नोव्हेंबर संपत आला की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला असतो, तो उशिरा बाहेर पडतो: सगळे आनंदात असताना माझं मन वर येत नाही, म्हणजे माझी श्रद्धा कमी पडतेय का?

वसईच्या एक काकू २०२२च्या आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, आल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) ऑगस्टमध्ये यजमान गेले होते आणि सुनेला आठवा महिना लागला होता. मुलगा म्हणत होता, दारात नाताळचा तारा, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचा कंदील, लावू. काकूंना ते सहन होत नव्हतं. वर्षाची मिस्सा (वर्ष झाल्यावर गेलेल्यासाठी देवळात होणारी प्रार्थना) व्हायच्या आत रोषणाई केली तर भावकी काय म्हणेल, ही एक भीती. पण खरी कळ वेगळीच होती. "सुनेच्या पोटात बाळ फिरतं, ती माझा हात धरून तिथे ठेवते. मला हसू येतं. आणि लगेच वाटतं, हे बघायला ते नाहीत आणि मी हसतेय कशी?"

सुनेचीही कोंडी झाली होती. सासूबाई समोर आल्या की बाळाचा विषयच ती टाळायची.

मी काकूंना विचारलं, आगमनकाळ म्हणजे तुमच्या मते काय? "नाताळची तयारी. साफसफाई, करंज्या, येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा." बहुतेकांचं उत्तर हेच असतं, कारण बाजार नोव्हेंबरातच नाताळ सुरू करून टाकतो. देवळात मात्र या चार रविवारी काय चालतं ते आठवून बघा. फादरांच्या अंगावर जांभळी वस्त्रं असतात. रविवारच्या मिस्सेत एरवी म्हटलं जाणारं 'ग्लोरिया' हे स्तुतिगीत या काळात म्हणत नाहीत. वेदीजवळच्या हिरव्या चक्रावर आठवड्याला एकच मेणबत्ती वाढते. त्या चक्राची प्रथा जर्मनीतली. हॅम्बुर्गला गरीब, निराधार मुलांचं घर चालवणाऱ्या योहान विखर्न यांनी १८३९ मध्ये ती सुरू केली; नाताळ कधी येणार म्हणून मुलं रोज विचारायची, त्यांना दिवस मोजता यावेत म्हणून. म्हणजे ज्यांच्याकडे आनंदाला फारसं कारण नव्हतं, अशा पोरांसाठी. ख्रिस्तसभा स्वतःच या दिवसांत सूर खाली ठेवते. दुःखातला माणूस त्या सुराशी जुळलेलाच असतो, त्याला बेसूर वाटतं ते बाजारामुळे.

तिसरा रविवार तर आनंदाचा म्हणून ओळखला जातो. गुलाबी मेणबत्ती, आणि संत पौलाचे शब्द: प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा. हे त्याने बंदिवासातून लिहिलं. त्या वर्षी तिसऱ्या रविवारचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातलं वाचन, होतं मत्तयच्या ११व्या अध्यायातलं. मी काकूंना ते मोठ्याने वाचायला दिलं. येशू येणार म्हणून आधी लोकांना सांगणारा, बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगातून येशूला निरोप पाठवतो: जो येणार तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी?

काकू तिथेच थांबल्या. "योहानाने हे विचारलं? एवढी वर्षं मी ऐकतेय." मग पुढे वाचलं. येशू त्याला रागावत नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, हे त्याला सांगा म्हणतो आणि निरोप्ये परतल्यावर लोकांसमोर योहानाची थोरवी गातो. मी काकूंपासून हेही लपवलं नाही की योहान त्या तुरुंगातून जिवंत सुटला नाही. शास्त्र दुःखाला गोड शेवट चिकटवत नाही, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

शोकाच्या अभ्यासातही याला दुजोरा आहे. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलं की सावरणारं मन सारखं ये-जा करतं. कधी गेलेल्या माणसाकडे, कधी समोरच्या जगण्याकडे. काकूंचं पोटावर हात ठेवून हसणं हे त्याच सावरण्यातलं होतं. त्यात यजमानांशी बेइमानी नव्हती.

पुढच्या वेळी तिघांना एकत्र बोलावलं. काय ठेवायचं, काय यंदा सोडायचं, एवढंच ठरवायचं होतं. ताऱ्याचा विषय निघाला आणि मुलाचा आवाज फुटला. "आई, मला सण म्हणून तारा नकोय गं. दरवर्षी बाबा कामट्या तासायचे आणि मी कागद चिकटवायचो. ते हातातून सुटू नये एवढंच." काकूंना वाटत होतं, पोरगा बापाला विसरला. त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "कामट्या माळ्यावर आहेत, गेल्या वर्षीच्या."

तारा झाला. फराळ वाटायचा नाही, मध्यरात्रीच्या मिस्सेऐवजी सकाळच्या मिस्सेला जायचं, आणि गोठ्यासाठी परडीत नाचणी पेरायचं यजमानांचं काम सुनेने करायचं असं ठरलं. दुसऱ्या घरी याच्या नेमकं उलटं ठरेल, तेही बरोबरच. भावकीला काय सांगायचं, ते मुलाने आपल्याकडे घेतलं. जानेवारीत नात झाली. काकू अजूनही रडतात, पण सून आता त्यांच्यासमोर गप्प बसत नाही.

झोप आणि जेवण आठवडेच्या आठवडे उडालं असेल, जगणं नको वाटत असेल, तर मात्र सण सरायची वाट बघू नका. डॉक्टरांना भेटा किंवा टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर बोला.

आणि अशा घरी भेटायला जाणार असाल तर 'देवाची इच्छा' म्हणून विषय मिटवू नका. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, त्यांची एखादी आठवण सांगा. घरात बाळ येणार असेल तर त्याचीही चौकशी त्याच बैठकीत करा.