पृष्ठफळाची सूत्रं पाठ न करता कशी समजावीत? शंकूचं πrl कुठून येतं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी नववीत आहे, 'पृष्ठफळ व घनफळ' प्रकरणातली सूत्रं तिची एकमेकांत मिसळतात, आणि शंकूच्या सूत्रात उंचीऐवजी तिरकी उंची का, हे तिला कळत नाही. माझं मत स्पष्ट आहे: सूत्रांचा तक्ता काही दिवस बाजूला ठेवा आणि तिच्या हातात कात्री द्या. लहान वर्गांत तिने घनाच्या घडणी, म्हणजे घडी घालून घन बनवायचे सपाट आकार, केल्या असतीलच. पृष्ठफळ म्हणजे त्या उलगडलेल्या घडणीचं क्षेत्रफळ, दुसरं काही नाही.

सुरुवात टूथपेस्टच्या रिकाम्या खोक्याने करा. ते उभं धरा, जोड सोडवून उलगडा. चिकटवण्यासाठी ठेवलेल्या पट्ट्या कापून टाका, त्या हिशोबात येत नाहीत. चारही उभ्या बाजू मिळून एकच सलग आयत झालेला दिसेल: एक बाजू तळाची परिमिती, दुसरी खोक्याची उंची. 2(l + b) × h ते हेच (इथे l लांबी, b रुंदी, h उंची). मग गोल डब्याभोवती कागद गुंडाळा, उभा कापून सरळ करा. पुन्हा आयतच! फक्त तळाची परिमिती आता 2πr, म्हणून वक्रपृष्ठफळ 2πrh. त्रिकोणी चितीलाही, म्हणजे त्रिकोणी तळाच्या उभ्या खोक्यालाही, हाच नियम. म्हणजे पाठ करायच्या तीन सूत्रांच्या जागी 'तळाची परिमिती गुणिले उंची' एवढं एकच राहतं. डबा झाकणाचा असेल तर दोन वर्तुळं मिळवायची, उघडा असेल तर एकच. परीक्षेत मुलांचे गुण बहुतेक इथेच जातात, म्हणून उदाहरण वाचल्यावर आधी घडण काढायची सवय लावा.

आता शंकू. इथे घाई करू नका. जाड कागदावर 10 सेमी त्रिज्येचं वर्तुळ काढा आणि 144° ची पाकळी कापून काढा. उरलेल्या 216° च्या पाकळीच्या दोन सरळ कडा एकमेकींना जुळवा. शंकू तयार. त्याच्या तळाची त्रिज्या मोजा, 6 सेमी भरेल. टोकापासून तळापर्यंतची लंब उंची 8 सेमी. का? 216° म्हणजे पूर्ण वर्तुळाचा 3/5 भाग. त्याचा कंस 20π चा 3/5, म्हणजे 12π, आणि तोच कंस शंकूच्या तळाचा परीघ झाला. म्हणून तळाची त्रिज्या 6, आणि पायथागोरसच्या नियमाने उंची √(10² − 6²) = 8. पाकळीचं क्षेत्रफळ 100π चा 3/5, म्हणजे 60π. πrl मध्ये r च्या जागी 6 आणि l च्या जागी 10 घाला (l इथे तिरकी उंची, म्हणजे कापलेल्या पाकळीची त्रिज्या), तेच येईल. तो 3/5 म्हणजे r/l. म्हणून πl² × r/l = πrl.

शंकू पुन्हा उलगडून तिला विचारा, 'यात 8 सेमी कुठे आहे?' कुठेच नाही. ती उंची शंकूच्या आतल्या पोकळीत होती, कागदावर फक्त l आहे. हे एकदा डोळ्यांनी दिसलं की l च्या जागी h घालायची चूक होत नाही. चौरस तळाच्या सूचीलाही (पिरॅमिडलाही) हेच लागू: तळाची बाजू 10, उंची 12 सेमी असेल तर त्रिकोणांची उंची √(5² + 12²) = 13 धरायची, चार त्रिकोण 260, तळ 100, एकूण 360 चौसेमी.

गोलाची मात्र घडण होत नाही. गोलाचा पृष्ठभाग ताणल्याशिवाय किंवा फाडल्याशिवाय सपाट करता येत नाही, हे गणितज्ञ गाउसने 1827 मध्ये मांडलेल्या प्रमेयातून निघतं. तिथे आर्किमिडीजचा निष्कर्ष सांगा: गोल ज्या वृत्तचितीत (गोल डब्याच्या आकारात) घट्ट बसतो, तिच्या वक्रपृष्ठफळाएवढंच गोलाचं पृष्ठफळ. तिची उंची 2r, म्हणून 2πr × 2r = 4πr².