बेकु, बेडा, साकु आणि जर्मनीतला बाजार

प्रश्न: ताई, मी मूळची निपाणीची, लग्न होऊन जर्मनीत आले त्याला सात महिने झाले. भाषेचा क्लास चालू आहे पण दुकानात पाय ठेवला की सगळं विसरते. परवा जिरं म्हणून क्युमेल आणलं तर आमटीला भलताच वास आला. काउंटरवरच्या बाईंनी भराभर काहीतरी विचारलं, मी "या, या" म्हटलं तर त्या हात पुढं करून थांबल्या, मागं लाइन, मला रडूच यायला लागलं. तेव्हापासनं मशीनवर आपलं आपणच बिल करते नाहीतर ट्रेननं लांबच्या इंडियन स्टोअरला जाते. माझं चुकतंय का?
– एक वाचक, जर्मनी

उत्तर: चुकतंय असं नाही गं, पण मशीनची सवय लागली की जर्मन आहे तिथंच राहतंय. मी चार वर्षं तिकडं होते आणि पहिलं वर्ष असंच तोंड न उघडता काढलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून तुला कळकळीनं सांगते.

आधी जिऱ्याचं बघू. क्युमेल दिसायला जिऱ्यासारखंच, पण वास शहाजिऱ्याकडं जाणारा, ते लोक कोबीत आणि ब्रेडमध्ये घालतात. आपलं जिरं म्हणजे क्रॉइत्सक्युमेल, पाकिटावर पुढचं "क्रॉइत्स" बघूनच घे. पिठाचं पण असंच, 405 नंबरचं पीठ म्हणजे आपला मैदाच, त्याच्या चपात्या रबरासारख्या होतात. तो नंबर म्हणजे 100 ग्रॅम पीठ जाळलं तर किती मिलिग्रॅम राख उरते ते, कोंडा जास्त तेवढा नंबर मोठा. चपातीला 1050 घे आणि त्यात निम्मं फोलकोर्न म्हणजे अख्ख्या गव्हाचं मिसळ, त्याच्यावर नंबर नसतोय. उपिटाला ग्रीस, म्हणजे रवा.

आता त्या बाईंचं. बहुतेक त्यांनी पॉइंटचं कार्ड आहे का विचारलं असणार, तू हो म्हणालीस म्हणून त्या कार्डाची वाट बघत थांबल्या, रागावल्या वगैरे काही नव्हत्या. काउंटरवर प्रश्न असतात तीनच, पॉइंट जमवता का, पैसे रोख का कार्डनं, आणि पावती पाहिजे का. पुंक्ते (पॉइंट), बार (रोख), कार्टे (कार्ड), बॉन (पावती) एवढे शब्द कानात बसले की बाकीचं वाक्य कळलं नाही तरी चालतंय, आणि नाहीच कळलं तर "लांगझाम, बिट्टे" म्हण, हळू बोला की जरा.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. तू सीमाभागातली पोरगी आहेस, परक्या भाषेत बाजार करणं तुझ्या घरात नवीन नाही. माझ्या सासूबाई लग्न होऊन गडहिंग्लजकडनं बेळगावात आल्या तेव्हा त्यांना कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं. गणपत गल्लीत भाजीला गेल्या की बेकु (पाहिजे), बेडा (नको), साकु (पुरे), एष्टु (किती) एवढ्यावर पिशवी भरायच्या, आणि नवीन भाजी दिसली की हातात धरून विचारायच्या, "इदक्क एनंतार?" याला काय म्हणतात? भाजीवाली सांगायची, त्या तिथंच दोनदा म्हणून बघायच्या, घरी येईपर्यंत पाठ. 1956 ला आपला भाग कन्नड राज्यात गेला तेव्हापासनं आपल्याकडं भाषेवरनं काय काय झालंय ते तुला मी सांगायला नको, पण मेथीची जुडी घेताना कधी कुणाचं अडलं नाही. तुझ्या आजीनं पण चिक्कोडीच्या नाहीतर संकेश्वरच्या बाजारात हेच केलं असेल, विचार तिला.

तर तिकडं पण तेच कर. गावातल्या चौकात आठवडी बाजार भरत असेल, बहुतेक ठिकाणी सकाळीच असतो, तिथं जा. भाजीवाला "झोन्स्ट नोख एट्वास?" म्हणेल, म्हणजे आपलं "मत्तेन बेकु?", आणखी काय पाहिजे, आणि पुरे झालं की म्हणायचं "दास वार्स", झालं, साकु! नाव माहीत नसेल तर वस्तूकडं बोट करून "वी हाइस्ट दास?" त्या बाजारात फुंड म्हणजे अर्धा किलो, हे लक्षात ठेव.

आकड्यांना तर अजिबात घाबरू नकोस. जर्मनमध्ये पंचवीसला फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिश म्हणतात, आधी पाच मग वीस, अगदी आपल्या पंच-वीससारखं! कन्नडमध्ये इप्पत्तैदु, आधी वीस मग पाच, इंग्लिशमध्ये पण तसंच, म्हणून इंग्लिशवाले तिथं अडखळतात. तू मनात इंग्लिश आणू नकोस, ऐकताना सरळ मराठीत धर. त्रेचाळीस, सत्तावन्न सगळं तसंच बसतंय, फक्त एकोणतीस-एकोणचाळीसला सांभाळ, तिथं ते आधी नऊच म्हणतात.

इंडियन स्टोअर बंद कर असं मी म्हणत नाही, तूरडाळीला जावंच लागतंय, महिन्यातनं एकदा जा. बाकी रोजचं जवळच्या दुकानात, आणि शक्यतो एकाच माणसाच्या काउंटरला, चेहरा ओळखीचा झाला की ते पण हळू बोलतात. रविवारी तिकडं दुकानं बंद असतात, म्हणून येत्या शनिवारीच सुरुवात कर. ताजी कोथिंबीर दिसली तर माग, जुडीला बुंट म्हणतात, "आइन बुंट कोरिआंडर, बिट्टे". मिळाली का ते मला नक्की कळव.