जुनं मातीचं घर पाडताना

आधी वीजजोडणी रीतसर बंद करून घ्या, परवानगी हातात पडू द्या. चारही बाजूंचे फोटो आणि मापं ठेवा, हद्दीच्या वादात तीच कामी येतात.

पाडायचं वरून खाली: कौलं, रिपा, वासे, आढं, मग भिंती. थेट जेसीबी घातलात तर सागवानी तुळया मोडतात. सामाईक भिंतीजवळ हातानेच काम करा. तुळयांची टोकं ठोकून बघा. भद्द आवाज आला तर आत वाळवी आहे, तेवढा भाग कापा.

खरी चूक होते ती नव्या घराच्या भरावात. भिंतींची पांढरी माती जोत्यात (जमिनीखालच्या चौथऱ्यात) ढकलायचा मोह होतो, फुकट असते ना! पण ती पाण्याने बसते आणि फरशी पोकळ वाजू लागते. मुरूमच घाला: सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुमस (ठोकून दाबायचं जड अवजार). लोणा (पांढरा खार) लागलेल्या जुन्या विटा नव्या भिंतीत नकोतच.